निम्मे शब्द

माझ्या नवऱ्याचं डोकं मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझं सलून आहे, दोन खुर्च्यांचं, आणि लग्नाच्या आधीपासून त्याचे केस मीच कापते. भोवरा कुठे आहे, डाव्या कानामागचे केस कुठल्या बाजूला वळतात, लहानपणी झाडावरून पडला त्याची खूण कुठे लपली आहे, हे मी डोळे मिटून सांगेन. नवीन गिऱ्हाइकं विचारतात, एवढ्या नावाजलेल्या खेळाडूची बायको तू, अजून कात्री कशाला चालवतेस? मी म्हणते, तो खरंच नावाजलेला असता तर तुम्ही इथे केस कापायला नाही, त्याची सही घ्यायला आला असतात.

फुटबॉलमध्ये तो मिडफिल्डर आहे. म्हणजे गोल मारणारा नाही आणि अडवणाराही नाही. मधला. मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, आयुष्यभर हेच. टीममधले त्याला पोस्टमन म्हणतात, कारण ज्याचं त्याला नेमकं पोचवतो आणि स्वतःजवळ काही ठेवत नाही. या कामात पायांपेक्षा मान जास्त लागते. बॉल यायच्या आधी मागे बघून घ्यावं लागतं, कोण अंगावर येतंय, कोण मोकळा आहे. ही खोड त्याच्या अंगात इतकी भिनली आहे की घरी चहाचा कप घेतानासुद्धा तो आधी एकदा खांद्यावरून मागे बघतो. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्याचं तोंड धड समोर नाही. फोटोग्राफरने हात टेकले होते.

सतराव्या वर्षी त्याला एका मोठ्या क्लबने उचललं तेव्हा घरात कोण आनंद झाला होता म्हणे. तिथे त्याने अख्खा सीझन बाकावर बसून काढला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून. मैदानात उतरवायचं ठरलं त्याच आठवड्यात सरावात गुडघा गेला. बरा होऊन तो खालच्या लीगमध्ये आला आणि तिथेच राहिला. सगळ्यांत वरच्या लीगच्या बरोब्बर एक पायरी खाली. क्लब बदलले, शहरं बदलली, भाड्याची घरं बदलली. दर वेळी मी नव्याने पाटी लावून सलून उघडलं. आणि गंमत अशी की त्याने जो क्लब सोडला तो पुढच्याच सीझनला वरच्या लीगमध्ये गेला. एकदा झालं तेव्हा आम्हीही हसलो. पण ते पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. ड्रेसिंग रूममध्ये म्हणायला लागले, वर जायचं असेल तर पोस्टमनला विका. तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा आणि घरी येऊन बराच वेळ बूट पुसत बसायचा. त्या वेळी मी त्याच्या वाटेला जायचे नाही.

आता तो पस्तिशीला टेकलाय, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, आणि हा सीझन संपला की खेळणं बंद, हे त्याने कोचला सांगून टाकलं होतं. पण या वर्षी पहिल्यांदाच, तो ज्या क्लबात आहे तोच क्लब वर जायच्या बेतात होता. शेवटची मॅच जिंकली की झालं. ती मॅच त्याला खेळायची होती. टीम वर जाईल तेव्हा आपण मैदानात असावं, एवढं एकच त्याला आयुष्यात हवं होतं, आणि ते त्याने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. मला मात्र ते त्याच्या बूट पुसण्यावरून कळत होतं.

आता या लोकांची एक खोड सांगायला हवी. दर सीझनच्या सुरुवातीला क्लबची डॉक्टर सगळ्यांची डोकी तपासते. ती काही शब्द वाचून दाखवते, मधे भलतंच काहीतरी विचारते, मग तेच शब्द परत म्हणायला लावते. वर्षाचे महिने उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. धडधाकट असताना तुम्हाला किती जमतं ते ती लिहून ठेवते. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत, फक्त शब्द नवे. आधीइतकं जमलं तर मैदान खुलं, नाही तर घरी बसा. यावर खेळाडूंनी काढलेला तोडगा असा की सुरुवातीलाच ठोंब्यासारखं वागायचं. आठवत असले तरी निम्मेच शब्द सांगायचे आणि महिने म्हणताना अडखळायचं. म्हणजे पुढे खरोखर भोवळ आली तरी हिशेब जुळतो. जुने खेळाडू नव्यांना हे शिकवतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आमच्या पोस्टमनने तर यात नाव काढलं होतं. सीझनच्या सुरुवातीला एकदा जेवताना त्याने सासूबाईंना सगळं करून दाखवलं. डोकं खाजवत, डॉक्टरकडे केविलवाणं बघत, "सप्टेंबरच्या आधी... मे का हो?" असं. सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. मला हसू आलं नाही.

"आणि उद्या खरंच डोकं आपटलं तर?" मी विचारलं.

"अगं, त्यासाठीच तर हे," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या घ्यायच्या आधी एकदा मागे बघितलं.

शेवटून दुसऱ्या मॅचमध्ये डोकं आपटलं. मी सलूनमध्ये एका बाईंच्या केसांना रंग लावत टीव्हीवर बघत होते. कॉर्नरवरून बॉल उंच आला, हा आणि त्याच्याच टीमचा, बचावातला धिप्पाड स्टॉपर एकदम उडाले आणि डोक्यावर डोकं बसलं. टीव्हीवर तसला आवाज येत नाही, तरी मला ऐकू आल्यासारखं वाटलं. तो उठला, काही नाही झालं असा हात हलवला, आणि चालायला लागला. पण उलट्या दिशेने. सगळी टीम एकीकडे, हा दुसरीकडे. डॉक्टर धावत आत आली आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. बाईंच्या केसांवर त्या दिवशी रंग जरा जास्तच वेळ राहिला.

सोमवारी मी घरीच त्याचे केस कापले. कापायचं निमित्त होतं, मला डोकं बघायचं होतं. कानाच्या वर टेंगूळ होतं, हाताला गरम लागत होतं. बोट लागल्याबरोबर त्याचा जबडा आवळला.

"दुखतंय?"

"छे. कात्री थंड लागली."

मी कंगव्याने बघत होते, कात्री टेबलावर होती.

त्या आठवड्यात माझा जीव टांगणीला लागला होता. तो ठीक दिसायचा, हीच पंचाईत होती. जेवायचा, चेष्टा करायचा, कोचशी फोनवर बोलायचा. पण खोलीत आला की आधी पडदे ओढायचा. सासूबाई कुकर लावायला लागल्या की उठून बाहेर जायचा. सकाळी मला विचारलं, "आज सलून किती वाजता उघडणार?" आणि मी सांगून चपला घालते तेवढ्यात परत तेच. बुधवारी तो स्वयंपाकघरात वळला आणि मागे चहा घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंवर धडकला. चहा दोघांच्या अंगावर. सासूबाईंना वाटलं आपलीच चूक, त्या पुसत बसल्या. या माणसाला आजवर कोणी मागून गाठलं नव्हतं. वळण्याआधी त्याने मागे बघितलंच नव्हतं.

गुरुवारी परीक्षा होती. तो गेला आणि मी दिवसभर दोन गिऱ्हाइकांचे भांग भलतीकडे पाडले. संध्याकाळी तो दारातूनच म्हणाला, "पास."

सासूबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, देवाला हात जोडले, शेजारणीला फोन केला. कोचचा फोन आला, तो म्हणाला, रविवारी पहिल्यापासून खेळायचंय. मी भाजी चिरत होते, तशीच चिरत राहिले.

"निम्मे सांगितलेस?" मी हळूच विचारलं.

"निम्मे," तो म्हणाला. हसला नाही. एरवी या विषयावर तो रंगवून रंगवून बोलला असता, डॉक्टरची नक्कल केली असती. मला वाटलं दमला असेल. खरं सांगायचं तर तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

शनिवारी दुपारी मी सलून बंद करून झाडून घेत होते, तर हा आला. आल्या आल्या खुर्चीत बसला आणि स्वतःच गळ्याभोवती कापड गुंडाळून घेतलं.

"फार वाढलेत बघ," तो आरशात बघत म्हणाला. "उद्या सगळं जग बघणार आहे, जरा माणसात आण."

माझ्या हातात झाडू तसाच राहिला.

"सोमवारी कापले की मी," मी म्हटलं.

त्याने आरशातल्या स्वतःच्या डोक्याकडे बघितलं. कानावरून हात फिरवला. मग हसला, पण ते हसू उशिरा आलं. "अगं हो. चेष्टा करत होतो."

याची चेष्टा मला कळत नाही असं आजवर झालेलं नाही. मी झाडू ठेवला, खुर्चीमागे गेले आणि त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, गिऱ्हाइकाचं डोकं सरळ करते तसे.

"एक विचारते, खरं सांग. गुरुवारी किती शब्द मुद्दाम सोडलेस?"

मी आरशातून त्याच्या डोळ्यांत बघत होते आणि तो नजर चुकवत होता.

"सांग ना."

"एकही नाही," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी त्याच्या डोक्यावरचे हात काढून खुर्चीची पाठ धरली.

"सगळे सांगायचं ठरवून गेलो होतो," तो आरशाला सांगावं तसा बोलत राहिला. "म्हटलं बघू तरी, किती येतायत. सोडायचे असतील तर नंतर सोडू. ती वाचत होती तेव्हा कान देऊन ऐकत होतो. मग ती म्हणाली, आता म्हणा. तर निम्म्यांच्या पुढचे नव्हतेच. विसरलो असं पण नाही वाटलं, कधी ऐकलेच नाहीत असं वाटलं. मी थांबलो. तिने जुना आकडा बघितला आणि म्हणाली, छान, जुळतंय."

"आणि तू घरी येऊन पास म्हणालास."

"पास झालोच की."

"लाज नाही वाटत?" माझा आवाज चढला. "मला फसवलंस ते जाऊ दे. तिकडे आई देवाला हात जोडतायत, आणि तू—"

"उद्या एक मॅच गं." तो इतका हळू बोलला की माझं तोंड बंद झालं. "एकच. बॉल डोक्यावर घेणार नाही. कॉर्नरला लांब उभा राहीन. सगळी वर्षं दुसऱ्यांना पुढे पाठवलं मी. उद्या त्यांच्याबरोबर जाऊ दे ना मला."

त्याने असं काही कधीच मागितलं नव्हतं. माझ्याकडे तर नाहीच, कोणाकडेच नाही. आणि मी सांगते, माझं मन डळमळलं. मी मनातल्या मनात उद्याची मॅच खेळवून पाहिली. तो मधे उभा आहे, कडेकडेने पास देतोय, सगळं नीट होतंय. मग कोणीतरी मागून येतो. आणि हा मागे बघत नाही.

"मी डॉक्टरांना फोन करते," मी म्हटलं.

"केलास तर..." तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही. ते वाक्य पुरं होईल म्हणून मी थांबले. मला वाटतं तोही त्याचीच वाट बघत होता.

मी फोन लावला. धाडस वगैरे काही नव्हतं, संतापले होते मी. त्याच्यावर, त्या स्टॉपरच्या टणक डोक्यावर, हसत हसत ही खोड शिकवणाऱ्या सगळ्यांवर. डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. मी भराभर सगळं ओतलं, सीझनच्या सुरुवातीचं नाटक, कुकर, चहा, सोमवारचे केस. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत.

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय," शेवटी त्या म्हणाल्या. "ते आहेत तिथे?"

मी फोन त्याच्यापुढे धरला. वाटलं, हा आता म्हणेल, बायको घाबरट आहे, उगाच मनाला लावून घेते. त्याला तसं बोलता येतं, मुलाखतीत तो कायम तसंच बोलतो. त्याने कापडाखालून हात काढला, फोन घेतला आणि कानाला लावला.

"तेव्हा मुद्दाम चुकलो होतो, मॅडम," तो म्हणाला. "या वेळी नाही."

पलीकडून त्या बोलत राहिल्या. तो "हो" म्हणत होता. रविवारी नाही, हो. सोमवारी हॉस्पिटल, हो. टीव्ही नाही, अंधारात पडून राहायचं, हो. माझा एक हात त्याच्या मानेवर होता. आठवडाभर ताठ झालेली ती मान माझ्या हाताखाली सैल पडली आणि मला एवढं रडू फुटलं की मला तिथेच दुसऱ्या खुर्चीत बसावं लागलं. आम्ही दोघं आरशासमोर बसून होतो, गळ्यात कापड असलेला तो आणि नसलेली मी.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. फक्त एकदा, ताट वाढताना म्हणाल्या, "तोंडचा घास काढून घेतलास माझ्या लेकराच्या." त्याने ते ऐकलं. म्हणाला, "आई, घास मीच दिला." त्यांना ते पटलं नाही. मलाही धड पटलं नव्हतं, मी रात्रभर कूस बदलत होते.

रविवारी दुपारी तो आतल्या खोलीत पडला. पडदे ओढलेले, फोन माझ्याकडे. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात, दार लावून, रेडिओ अगदी बारीक करून. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पण आवाज आणखी कमी करायचं त्याच बघत होत्या. त्याच्या जागी एक पोरगा खेळत होता आणि समालोचक त्याचं कौतुक करत होता. सासूबाई त्या पोराला तोंडातल्या तोंडात काही बोलत होत्या, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. एक गोल आपला, एक त्यांचा. मग शेवटी शेवटी, मधूनच कुठून तरी एक लांब पास गेला आणि आपला दुसरा. शिट्टी वाजली तेव्हा सासूबाईंनी तोंडावर पदर दाबून धरला, हसू बाहेर पडू नये म्हणून, का रडू, कोण जाणे.

मी आत गेले, त्याच्याशेजारी पलंगाच्या कडेला बसले. तो जागा होता.

"किती झालं?"

"दोन–एक. वर गेलो आपण."

अंधारातही त्याचा चेहरा उजळलेला मला दिसला. इतका मोकळा आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, कुठे खंत नाही, राग नाही. त्याने माझा हात धरला. "गेलो ना," तो म्हणाला. "शेवटी गेलो." आठवडाभराचं ओझं माझ्या छातीवरून उतरलं. मी तशीच बसून राहिले आणि त्याने डोळे मिटले.

बाहेर रस्त्यावर लोक हॉर्न वाजवत चालले होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात त्याच्यासाठी पाणी. मी त्यांना आत या अशी खूण केली आणि त्या आल्या, माझ्या खांद्याला हात लावला, बहुतेक तोल सांभाळायला. तेवढ्यात त्याने डोळे उघडले आणि हॉर्नच्या दिशेला मान वळवली.

"किती झालं?" त्याने विचारलं.

सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर आवळला. झोपेत बोलला असेल, मी स्वतःला सांगितलं. डुलकी लागली असेल. सासूबाईच पुढे वाकल्या आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "दोन–एक, बाळा. वर गेलात तुम्ही."

त्याचा चेहरा पुन्हा उजळला. अगदी तसाच, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. "गेलो ना," तो म्हणाला. "शेवटी गेलो." त्याने माझा हात धरला.

सासूबाईंनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, शनिवारनंतर पहिल्यांदाच. आम्ही दोघी त्याच्याजवळ बसून राहिलो. तो शांत पडून होता, ओठांवर हसू तसंच. बाहेरचे हॉर्न काही थांबत नव्हते, आणि ते थांबावेत, त्याने परत डोळे उघडून तेच विचारू नये, एवढंच मी मागत होते.